फायनलला काढू

सामना सुरू व्हायच्या जरा आधी निनादची घडी घातली. कोच देवरुखकर आणि मॅनेजरने त्याला दोन टोकांना धरून झटकलं, हातपाय आत दुमडले, मलमलीत गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. वर डांबराच्या गोळ्या टाकल्या.

निनाद शेलार म्हणजे लीगमधला सगळ्यात उंच उडणारा बास्केटबॉलपटू, आणि अंगावर साधा ओरखडा नाही! त्याची आई शालनबाई पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला आली होती. ती तरातरा कठड्याशी गेली.

"अहो सर, काय झालंय माझ्या पोराला?"

"काही नाही हो ताई. ठणठणीत आहे, म्हणून तर ठेवला. फायनलला काढू."

"आई, मला खेळायचंय गं," पेटीतून निनाद म्हणाला.

"गप रे, चुरगळशील," म्हणत कोच झाकणावर बसला.

मागे लोक खवळले. "आम्ही काय पेटी बघायला आलोय?" निनादच्या नावाची जर्सी घातलेला एक जाडजूड गृहस्थ तर चक्क रडला.

पुढच्या सामन्यालाही तेच. दर वेळी निनादची आणखी एक घडी पडे आणि पेटी लहान होई. आणि लोकांचं तरी काय सांगावं! हळूहळू ते पेटीलाच टाळ्या वाजवू लागले. "काय जपलाय बघा!" तो गृहस्थ कौतुकाने म्हणे. शालनबाई मात्र कठड्यावरून वाकून पेटीकडे कान देई. पेटी आता कोचच्या मांडीवर मावत होती आणि आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

"सर, निदान घडी तरी बदला," ती हात जोडून म्हणाली. "माझा लग्नातला शालू असाच जपून ठेवला होता. काढला तर घडीघडीवर चिरलेला."

"ताई, तो शालू होता. हा माणूस आहे."

फायनलला पेटी उघडली. निनादला झटकून उभा केला. नवा कोरा, कुठे डाग नाही की घाम नाही. सगळं स्टेडियम उभं राहिलं. शालनबाईला त्याच्या कमरेवरच्या घडीतून पलीकडची बास्केट दिसत होती.

"उडी! उडी!" लोक ओरडू लागले.

"नको रे, बाळा!" ती जीव तोडून ओरडली. तिचा आवाज त्या गजरातच मिसळला.

निनादने तिच्याकडे पाहिलं. आईही आपल्याला उडी मारायलाच सांगतेय असं वाटून तो आनंदाने हसला आणि त्याने गुडघे वाकवले.