वाटणीतली गाडी

मागच्या डाव्या चाकाच्या आतून ओघळलेलं ब्रेक ऑइल रवळूनं जुन्या बनियननं पुसलं, चाकावर तांब्याभर पाणी मारून ते पुन्हा कोरडं केलं आणि बनियन शेणाच्या ढिगात खोल खुपसून टाकलं. मग दोन पावलं मागं सरून पाहिलं. चाक लख्ख दिसत होतं. शनिवारची संध्याकाळ होती. उद्या सकाळी आठला किल्ली सामाईक ओट्यावरच्या खुंटीला टांगली, की पुढचा आठवडा गाडी विक्रमची.

विक्रम त्याचा सख्खा धाकटा भाऊ. येळ्ळुरात एकाच अंगणात दोघांची दोन घरं. पंधरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून गाडी घेतली, तेव्हा वडील हयात होते. आप्पांनीच नियम घालून दिला: विहिरीच्या पाण्याची पाळी जशी रविवार ते रविवार, तशीच गाडीची. भावकीत त्या नियमाचं फार कौतुक झालं. विहिरीत पाणी आपोआप झिरपतं, गाडीत पेट्रोलसुद्धा आपोआप येत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही.

आप्पा गेले आणि गाडी थकत गेली. पुढचे दोन टायर विक्रमनं घालायचे, मागचे दोन रवळूनं, इथवर वाटणी पोचली. शनिवारी रात्री टाकीचा काटा तळाला टेकलेला असेल, याची दोघंही न चुकता काळजी घेत. एकाच्या आठवड्यात इंजिनात आवाज सुरू झाला, की तो कानाआड करून दुसऱ्याच्या आठवड्यात ढकलायचा. तीन वर्षांपूर्वी क्लच प्लेट नेमकी रविवारी सकाळी गेली आणि तिच्या बिलावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. आता पुढच्या महिन्यात गाडीची पंधरा वर्षं भरत होती. पुन्हा पासिंग, त्याचा कर, विमा. ती तारीख कुणाच्या आठवड्यात पडते, हे दोन्ही घरांतल्या कॅलेंडरांवर पेनानं गोल करून ठेवलेलं होतं.

ब्रेक गेला शुक्रवारी. रवळू उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून सुटून घरी निघाला होता. कोपऱ्यावर त्यानं पाय दाबला आणि पॅडल सरळ तळाला गेलं. तीनचारदा मारल्यावर कुठं थोडं धरलं.

"ब्रेकचा सिलिंडर गेलाय मागला," गॅरेजवाला म्हणाला. "लायनरबी संपल्यात. सगळंच बदलाय लागतंय. गाडी हितंच सोडून जावा, चालवू नका ही."

रवळूनं आकडा विचारला, ऐकला आणि मनातल्या मनात दिवस मोजले. मध्ये फक्त शनिवार होता. "बघतो," म्हणून तो पहिल्या गिअरमध्ये रखडत घरी आला.

भावाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण होतं. फार नाही, कुठंतरी बंपर चेपावा, दिवा फुटावा, भर चौकात चार लोकांनी शिव्या घालाव्यात आणि बिल त्याच्या नावानं यावं, एवढं नक्की होतं.

रविवारी सकाळी रवळू अंगणात दात घासत उभा होता. विक्रमनं खुंटीवरची किल्ली काढली. गाडीत बसण्याआधी तो मागच्या डाव्या चाकाशी वाकला, आत हात फिरवून बोटं बघितली आणि समाधानानं उठला. हा नेमका त्याच चाकाशी का वाकला, ते रवळूला कळलं नाही.

एवढ्यात विक्रमच्या घरातून त्यांची आई, मालुबाई, पिशवी घेऊन बाहेर आली. आईचं जेवणखाण, निजणंही एकेक आठवडा एकेका घरी असे, आणि ती नुकतीच पहाटे तिकडं गेली होती. हिंडलग्याला तिच्या लेकीच्या, अक्काताईच्या, नातवाचं बारसं होतं. ती दार चाचपून मागच्या सीटवर बसली. विक्रमनं गाडी सुरू केली.

रवळूच्या हिशेबात विक्रम एकटा होता. गल्लीच्या तोंडाशी तीव्र उतार, आणि उतार संपतो तिथं बसेसचा रस्ता.

"ए!" तो ओरडला. तीन वर्षांत भावाचं नाव तोंडात आलं नव्हतं. "इक्रम! थांब रं!"

तोंडातला फेस तसाच ठेवून तो धावला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

विक्रमनं काच खाली केली. "बाजूला हो. माझा आठवडा हाय."

"ब्रेक लागत न्हाय."

विक्रमचा गिअरवरचा हात थांबला.

"अजून?" तो म्हणाला.

"अजून म्हंजे?"

"माझ्या आठवड्यातच, गेल्या शनवारी, पॅडल खाली जात हुतं, त्या चाकातनं त्येल गळत हुतं. तू केलं न्हाईस व्हय, अण्णा? चाक कोरडं लागलं हाताला. मला वाटलं, केलंस."

सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज सकाळी त्यानं आरोहीला टिळकवाडीत क्लासला सोडलं होतं. त्याची एकुलती एक मुलगी, पुढच्या सीटवर, मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली.

"तुला म्हाईत हुतं," तो म्हणाला. "माझी पोरगी बसत हुती ह्यात."

"आणि तुला म्हाईत न्हवतं? चाक पुसून दिलंस की मला."

"सांगाय आलो न्हवं?"

"आये दिसली म्हणून आलास. मी एकटा असतो तर आलतास?"

रवळूनं बॉनेटवरचे हात काढून घेतले. त्याला भावाची किळस आली आणि तितकीच स्वतःची आली. इंजिन थरथरत होतं. विक्रमनं ते बंद केलं.

मागचं दार उघडलं. मालुबाई पिशवी घेऊन खाली उतरली. "मी बसनं जाते," ती म्हणाली.

"थांब आये, रिक्षा बोलावतो," विक्रम म्हणाला.

"मी बोलावतो," रवळू म्हणाला.

"नको."

"आगं, बस कुठली हाय ते दिसायचं न्हाय तुला," विक्रम म्हणाला.

"न्हाय दिसत," मालुबाई म्हणाली. "दोन वर्सं झाली. मोतीबिंदू पिकलाय म्हणून डागदरनं सांगितलंया. तुमा दोघांस्नीबी सांगितलं मी, एकाच दिवशी."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती भिंतीला हात लावत, एकेक पाऊल चाचपत उतारानं खाली गेली. दोघं भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून बघत होते.

थांब्यावर बस आली. मालुबाईनं हात केला, दारातल्या कुणाला तरी काही विचारलं आणि मागं सरली. बस निघून गेली. तिच्यामागोमाग दुसरी आली. मालुबाईनं पुन्हा हात केला, पुन्हा विचारलं, पुन्हा मागं सरली.

रवळूनं विक्रमकडं पाहिलं. विक्रम त्याच्याकडंच बघत होता.