माझी रिकामी खुंटी

मित्रांनो, मी एक म्हातारा धक्का आहे. आपल्या मुलखाला समुद्र नाही, त्यामुळे धक्का म्हटलं की लोक आधी विचारतात, कुणाला मारला? मी कुणालाच मारलेला नाही. शहरातून फुलंब्रीकडे जाताना वाटेत एक तळं लागतं. लोकांनी निवांत बसून गळ टाकावा म्हणून मी त्याच्या पाण्यात पाय रोवून उभा आहे.

माझी आखणी मधुसूदनराव इंजिनिअरांनी केली. माणूस हौशी होता. डोक्यावर पत्र्याची सावली, मासे साफ करायला फरशीचा ओटा, त्याला लागून नळ, दिवेलागणीनंतर पायाखालचं दिसावं म्हणून दिवा, हे सगळं त्यांनी मनापासून दिलं. कठड्याचं मात्र पुंजाराम गवंड्याला "छातीला लागेल एवढा घे" इतकंच सांगितलं आणि छावणीतल्या दुसऱ्या कामावर निघून गेले. परत येऊन पाहतात तर कठडा त्यांच्या जेमतेम मांडीला लागत होता.

"पुंजाराम, ही कुणाची छाती धरलीस?"

"मासं धरणाराची, सायेब. त्यो काय उभा ऱ्हातो व्हय?"

पुंजारामनं जन्मात उभ्यानं गळ टाकणारा पाहिला नव्हता. साहेबांना हसू आलं, पण त्यांचंही बरोबर होतं. एखादं लेकरू ओणवं झालं तर थेट पाण्यात जाईल. त्यांनी कठड्यावर सगळीकडे लोखंडी नळ्या बसवायला सांगितल्या.

तेवढ्यात वस्तीवरची सरूबाई काठी टेकत आली. ती निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेली, वयाचा तिचा हिशेब तेवढाच. गळानं मासे धरून विकायचे, यावर तिचं पोट. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे फार वेळ उभं राहणं तिला जमत नसे.

"सायेब, नळ्या लावल्या तर बसून मासा वर घ्यायचा कुठून? म्या पुन्हा त्या काठाच्या गाळात बसू? माझा मालक तिथूनच घसरून गेला."

मधुसूदनराव काठाच्या गाळापर्यंत जाऊन आले. मग त्यांनी टोकाचा एक तुकडा बिननळ्यांचा ठेवायला सांगितला. शेजारच्या खांबात खुंटी ठोकवून तिच्यावर, कुणी पडलं तर फेकायला, ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब टांगली. "बाई, ही ट्यूब जागेवर आहे तोवर तुमचा कठडा बुटका राहील," ते म्हणाले.

ते दिवस चांगले होते. सरूबाई घरून आणलेल्या पाटावर पाय पसरून बसे आणि गळाची काठी कठड्यावर टेकवून ठेवी. रविवारी शहागंजातले दुकानदार पोराबाळांसह येत, सावलीला डबे उघडत, माझं कौतुक करत. पुढे नळ कोरडा पडला. दिवा फुटला तो फुटलाच. तुटलेल्या दोऱ्या जिथल्या तिथं टाकून लोक जाऊ लागले आणि त्यांत बगळ्यांचे पाय अडकू लागले. मला वाईट वाटे, पण ट्यूब जागेवर होती.

एका वर्षी वस्तीवरच्या मंडळानं गणपती विसर्जनासाठी ती नेली. पोरं चांगली होती. "आज्जे, उद्याच आणून टांगतो," म्हणाली. सरूबाईनं नंतर विचारलं, तेव्हा "आणतो की" म्हणाली. पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच. मग तिनं विचारणं सोडलं.

आणि एके दिवशी तिच्या गळाला मोठा कटला लागला. काठी हातातून सुटू द्यायची नाही म्हणून ती कठड्याला धरून अर्धवट उठली, वाकली आणि तोल जाऊन पाण्यात पडली. माणसं धावली. पहिला हात थेट माझ्या खुंटीवर आला. तिथं चाचपडणारी ती बोटं मी अजून विसरलो नाही. शेवटी ओट्यावर मासे साफ करणाऱ्या कडूबानं डोक्याचा पटका सोडून पाण्यात फेकला. सरूबाईच्या हाताला तो लागला म्हणून ती वाचली.

लगोलग साहेबांची माणसं आली आणि तिच्या तुकड्यावरही नळ्या बसवून गेली. ट्यूब कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. मला फार राग आला, मित्रांनो, पण धक्क्याचा राग कोण ऐकतो?

बरी झाल्यावर सरूबाई आली. पाटावर बसली. काठी नळ्यांमधून बाहेर गेली, पण लागलेला मासा आत येईना. तिनं शांतपणे दोरी गुंडाळली आणि माझ्यावर हात फिरवला. "तुझा काय दोष रं बाबा," म्हणाली. आता ती शेजारीण देईल ते खाते. तरी रोज इथं येते आणि त्यातली कोरभर भाकरी नळ्यांमधून माशांना घालते.

ती ट्यूब कुणाच्या तरी माळ्यावर पडली असेल, मित्रांनो. शोधा. हवा भरून आणा आणि आधी खुंटीवर टांगा. खुंटी गंजली आहे, पण पक्की आहे. मग साहेबांना नळ्या काढायला सांगा. सरूबाईनं पाट अजून घरी नेलेला नाही.