सिदूने विणलेली बाज

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो. बाज म्हणजे दोरीने विणलेली खाट. आज माझा एक पाय वाळवीने पोकळ केला आहे आणि मला लिंबाच्या झाडाला उभी टेकवून ठेवली आहे. माझ्या सावलीत कोंबड्या बसतात. पण एके काळी माझ्यावर घटकाभर टेकल्याशिवाय गावातल्या कुणाला चैन पडत नसे. तुम्हाला खोटं वाटेल, तरी सांगते.

माझा जन्म निजामाच्या राज्यातला, फसली सन तेराशे तीसचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीस-एकवीसचा. पाटोद्याच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव. आसाराम सुतारांनी बाभळीच्या लाकडाचे माझे पाय तासले, दांड्या ठोकल्या आणि अंबाडीच्या दोरीने मला घट्ट विणलं. काम झाल्यावर ते जरा पाठ टेकून बघतो म्हणाले आणि तिथेच घोरू लागले. माझं पहिलं कौतुक ते!

मी विठ्ठलराव मास्तरांच्या अंगणात आले. मास्तर समोरच्या देवळाच्या ओवरीत शाळा घेत. सुट्टी झाली की मुलं माझ्यावर उड्या मारीत. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळत. साखराबाई सुईण माझ्यावर बसून तान्ह्या बाळांना तेल चोळी. अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापली होती, त्यामुळे ती कुणालाही काहीही बोलू शके.

पण माझा सगळ्यात लाडका होता सिदू. मेंढरं राखणाऱ्या घरचा, एकोणीस-वीस वर्षांचा. लहानपणी दोन वर्षं मास्तरांकडे शिकलेला. एडका, म्हणजे नर मेंढा, कसा शिंकतो याची तो अशी नक्कल करी की हसून हसून माझ्या दोऱ्या कुरकुरत.

एका हिवाळ्यात त्याची मेंढरं सुंदररावांच्या हरभऱ्यात शिरली. सुंदरराव गावचे मोठे जमीनदार. त्यांनी मेंढरं कोंडवाड्यात घातली आणि भर चावडीवर सिदूच्या थोबाडीत मारली. जमलेले लोक हसले. त्या दिवसापासून सिदू माझ्याकडे फिरकेनासा झाला.

त्याच सुमाराला बाहेरगावचा एक बोलका माणूस माळावर येऊ लागला. मेंढरं राखणाऱ्या पोरांना तो गूळ-शेंगदाणे देई, 'माझे वाघ' म्हणे. त्याने सहा जणांना लाल रुमाल दिले. गावात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना कुणीतरी वाघ म्हणत होतं! मला त्या पोरांचा राग येत नाही, मित्रांनो.

एक दिवस सिदू आला. गळ्यात लाल रुमाल होता. माझ्यावर बसला, पण नक्कल नाही, हसू नाही.

"मास्तर, हे शेतीवाले समदे एकाच माळेचे," तो म्हणाला. "त्यांना येकदा दाखवावं लागतंय."

मास्तर घाबरले, आणि घाबरले की ते भाषण करीत. राग वाईट, संगत वाईट, तुझ्या बापाला काय वाटेल, असं किती वेळ चाललं कोण जाणे. सिदू जमिनीकडे बघत राहिला. मग उठला आणि निघून गेला.

साखराबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी लई बोलता."

"मग काय करू? ठाण्यात वर्दी देऊ?"

"पोरगं सोताच्या पायानं तुमच्याकडं आलं. त्यानं अजून केलं काय? अन् तुमी त्याला येक तरी गोष्ट इचारली का? जेवलास का, एवढं तरी?"

तिने कमरेच्या चंचीतून एक सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "बोलावं वाटलं की ही तोंडात धरा."

आता माझ्या दोऱ्या खरोखरच सैल झाल्या होत्या. मधोमध पोटात खड्डा पडला होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सिदूला निरोप धाडला, "बाज विणायला हात लाव, मला एकट्याला जमत नाही." सिदू आला. साखराबाईने आधी त्याला भाकरी आणि ठेचा वाढला. मग माझी जुनी दोरी निघाली आणि नवी विणायला घेतली. दोरी ओढायची, खालून घ्यायची, वर काढायची. हात कामात आणि नजर दोरीवर. अशा वेळी माणूस बोलतो, हे मी तेव्हा पाहिलं.

"मार लागला त्याचं काई न्हाई," सिदू हळूच म्हणाला. "समदे हासले. अन् मास्तर, तुमीबी तिथंच व्हतात. तुमी खाली बघितलंत."

मास्तरांच्या गालात सुपारी होती. ती त्यांनी बाहेर काढली.

"होय," ते म्हणाले. "मी तिथं होतो. मला बोलायला पाहिजे होतं. मी भ्यालो, सिदू. चुकलं माझं."

सिदूचा हात थांबला. मास्तराने आपल्यापुढे चूक कबूल केलेली त्याने कधी ऐकली नव्हती. त्याने डोळे पुसले, दोरी पुन्हा ओढली, आणि मग सगळंच बोलून गेला. येत्या बाजाराच्या दिवशी पहाटे सुंदररावांच्या कडब्याच्या गंजीला आग लावायची होती. सहाही जण जाणार होते.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. पण भाषण नाही! त्यांनी नुसतं विचारलं, "तिथं कोण असतं रे?"

"कोन न्हाई. निस्ता कडबा."

"छबू हाय तिथं," साखराबाई म्हणाली. "सुंदररावाच्या सटवा गड्याची बायको. गेल्या म्हैन्यातच त्यांनी गंजीच्या आडोशाला खोपी घातलीया. पाच दिस झाले बाळंत व्हऊन. पोरगी झाली."

सिदू तिच्याकडे बघतच राहिला. छबुबाईने त्याला कितीदा तरी ताक पाजलं होतं.

"आणि तो रुमालवाला?" मास्तरांनी विचारलं. "तो येणार ना तुमच्याबरोबर?"

"न्हाई. त्यो पाटोद्यात थांबनार हाय." सिदू बोलता बोलता अडखळला. "कावून थांबनार... ते म्या इचारलंच न्हाई."

त्या दिवशी माझी वीण अर्धीच राहिली. सिदू तडक माळावर गेला आणि त्याने बाकीच्या पाच जणांना छबुबाईच्या लेकीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तो बोलका माणूस आला, तेव्हा सहाही जण रांगेत बसले होते. सिदूने विचारलं, "आमी आग लावायची, अन् तुमी पाटोद्यात कावून?" त्याने सिदूला भित्रा म्हटलं, मग सगळ्यांनाच भित्रे म्हटलं. पण प्रश्नाचं उत्तर काही दिलं नाही. पोरांनी रुमाल काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. तो पुन्हा दिसला नाही.

इकडे मास्तर सुंदररावांच्या दारात गेले. या खेपेला त्यांनी खाली बघितलं नाही, सिदूला मारलं ते चुकलं असं तोंडावर सांगितलं. सुंदरराव आधी तडकले. मग साखराबाई पुढे झाली. "सुंदर, तुला पहिली आंघोळ म्या घातली. दुसऱ्याच्या पोराला चारचौघांत मारतूस? चावडीवर मारलंस, चावडीवरच बोल." सुंदरराव दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी चावडीवर आले आणि म्हणाले, "सिदू, माझा हात उठायला नको होता." ओढ्यालगतची, त्यांनीच अडवलेली मेंढरांची जुनी वाटही मोकळी केली.

सिदूने मग माझी वीण पुरी केली, आणि छबुबाईच्या लेकीचं बारसं मास्तरांच्याच अंगणात झालं. मेंढक्यांचे ढोल आले, पोरं फेर धरून नाचली. मानाचं आसन म्हणून सुंदररावांना माझ्यावर बसवलं. देह मोठा, आणि आनंदाच्या भरात सिदूने गाठी मारलेल्या सैल! सुंदरराव सर्रकन खाली गेले. पाय वर, पागोटं खाली. आणि सुंदररावच आधी हसले, पोट धरून, खो खो. सिदूने हात देऊन त्यांना वर ओढलं आणि कितीतरी महिन्यांनी एडक्याची शिंक काढली. बाळ दचकून रडायला लागलं, तरी कुणाचं हसू थांबेना.

पुढे कित्येक वर्षं मी तिथेच होते. कुणी रुसलं, कुणी पेटून उठलं, की सिदू त्याला माझ्यावर आणून बसवी आणि आधी भाकरी मागवी. मग लाकडी पलंग आले, खुर्च्या आल्या, आणि मी झाडाला टेकले.

गेल्या आठवड्यात शाळेतली एक मोठी मुलगी या झाडाखाली येऊन बसली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. तिच्या बाई तिला शोधत आल्या आणि तिच्याशेजारी मातीतच बसल्या. काही विचारायची घाई नाही, नुसत्या बसल्या. बऱ्याच वेळाने ती मुलगी बोलू लागली. दोघींच्या कपड्यांना धूळ लागली, आणि मी उभीच्या उभी, काही उपयोगाची नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. मला एक नवा पाय द्या, अंबाडीची दोरी आणा, आणि या वेळी गाठी नीट मारा. बाभळीच्या माझ्या दांड्या अजून खणखणीत आहेत. माझ्यावर दोन माणसं आरामात बसतील.