सातवीच्या दाराबाहेर

“बाई, सातवीने परत शाळा डोक्यावर घेतलीय,” शिपाईमामा ऑफिसच्या दारातून म्हणाले. “एक चक्कर टाका. तुमची सावली दिसली तरी पुरे.”

“नाही दिसणार,” बाई म्हणाल्या आणि टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे करू लागल्या.

वर्षानुवर्षं सातवी त्यांचीच होती. मुलं माघारी त्यांना ‘तोफ’ म्हणत, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. या वर्षी त्या मुख्याध्यापिका झाल्या आणि सातवी गेली नव्या मॅडमच्या हाती. मॅडम हुशार, पण आवाज चिमणीचा. काल असाच दंगा झाला तेव्हा बाई तरातरा वर्गात शिरल्या. चकार शब्द न काढता वर्ग चिडीचूप केला आणि छाती फुगवून परतल्या.

संध्याकाळी नव्या मॅडम पर्स खांद्याला लावूनच समोर उभ्या राहिल्या. “बाई, मी नोकरी सोडते.”

“अगं, गप्प बसली ना कार्टी?”

“तुमच्यापुढे बसली. तुम्ही गेल्यावर एक जण मला म्हणाला, ‘मॅडम, मोठ्या बाईंना बोलावू का?’ आता मला तिथे कोण विचारणार?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मदत करायला म्हणून गेल्या आणि पोरीच्या पायाखालची जमीनच काढून घेऊन आल्या.

“उद्याचा एक दिवस ये,” त्या म्हणाल्या. “मी वर्गात येणार नाही. छप्पर उडालं तरी.”

आज छप्पर उडायचंच बाकी होतं. शेजारच्या वर्गाचे सर तणतणत आले. “बाई, मग तुम्ही मोठ्या बाई झालात कशाला?”

“याचसाठी. तुमचं दार लावून घ्या, सर.”

पण पाय थोडेच ऐकतात? सर गेल्यावर त्या सातवीच्या बंद दाराशी जाऊन उभ्या राहिल्याच. आत मुलं ओरडत होती, “चुकलं! मॅडमचं गणित चुकलं!” आता ही रडणार. दार ढकललं की काम फत्ते. बाईंचा हात दारावर टेकलासुद्धा. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून मागे ओढला.

“चुकलं ना?” मॅडमचा आवाज थरथरत होता, पण ऐकू येत होता. “मग ये इकडे. कुठे चुकलं ते दाखव.”

फळ्यावर खडू वाजला. मग कुणीतरी, “ए शहाण्या, तुझंपण चुकलंय!” आणि पुन्हा हलकल्लोळ.

“थांबला नाही की गोंधळ,” मागून मामा कुजबुजले.

“असू दे, मामा. आता तो गणितावरून चाललाय.”

तेवढ्यात दार उघडलं. एक मुलगी धावत आली ती बाईंवर आदळायचीच राहिली. एरवी तिची बोबडी वळली असती. “खडू संपला,” ती धापा टाकत म्हणाली. “आमच्या मॅडमना पाहिजे.”

तो ‘आमच्या’ बाईंना लागला. लागायलाच हवा होता. ऑफिसात बसूनही सवयीने जवळ बाळगलेला खडू त्यांनी रुमालातून सोडवून दिला. मुलगी तो घेऊन आत पळाली आणि तिने बाईंच्या तोंडावर दार लावून घेतलं.

बाई ऑफिसकडे निघाल्या. बोटांना लागलेली खडूची भुकटी त्यांनी पुसली नाही.