एक नंबरचा कॉम्प्युटर

नव्व्याण्णव साली नगरला, सावेडीच्या रस्त्यावर तुषारदादाचं इंटरनेटचं दुकान होतं. कॉम्प्युटर चार, पण फोनची लाइन एकच. ती लाइन मोडेम नावाच्या एका डब्यात शिरायची आणि तिथून वायरी चारही कॉम्प्युटरांकडं जायच्या. डबा एक नंबरच्या शेजारी ठेवलेला, म्हणून एक नंबर सगळ्यांत फास्ट, असं येणारा प्रत्येक जण धरून चालायचा. त्या खुर्चीवरून भांडणंसुद्धा व्हायची.

अकरावीतली जयमाला त्या दुपारी चार नंबरवर बसली होती आणि तिचा जीव नुसता वरखाली होत होता. पुण्यात मुलींचं विज्ञान शिबिर भरणार होतं. संध्याकाळी तिथलं ऑफिस बंद व्हायच्या आत प्रकल्प इमेलनं पोचला, तरच नाव विचारात घेणार होते. पोस्टाचा मार्ग तिनं स्वतःच बंद करून ठेवला होता, कारण बाईसाहेब कालपर्यंत नकाशा रंगवत बसल्या होत्या!

प्रकल्प तिच्या गावचा होता. नेवाशाकडच्या तिच्या गावात कालव्याची चारी येते. त्या चारीच्या तोंडाशी किती पाणी मिळतं आणि शेवटच्या शेताला, म्हणजे टेलला, किती उरतं, हे तिनं मोजलं होतं. तिच्या वडलांचं शेत टेललाच होतं, त्यामुळं माहितीसाठी लांब जावं लागलं नाही. निळ्या रंगाच्या सात छटांचा तो नकाशा तुषारदादानं स्कॅन करून दिला. तिनं तो इमेलला जोडायला लावला. बराच वेळ वाळूचं घड्याळ फिरलं आणि शेवटी पाटी आली, फाइल फार मोठी आहे.

"अगं, मेलमध्ये काय पोतं भरतेस का?" तुषार म्हणाला. "त्याला मापात लागतं सगळं. काळापांढरा स्कॅन करू, हलका होईल."

"आणि माझा निळा?"

"निळा हवा का शिबिर?"

निळा गेला. मजकुरात तिनं एक ओळ वाढवली, 'जिथं काळं दाट तिथं निळं गडद समजावं.' मग आधी लिहिलेला अहवाल जोडायला घेतला, तर तोही अडकला. एवढीशी फाइल! ती तडक एक नंबरपाशी गेली. तिथं राधाकृष्णकाका अमेरिकेतल्या मुलाशी टाइप करून गप्पा मारत होते.

"काका, जागा बदलता का? तुम्ही चारीच्या तोंडाशी बसलाय अन् मी टेलला. माझ्यापर्यंत येतच नाही काही."

"म्हाताऱ्या मानसाला टेलला पाठवतीस व्हय गं?" काका कुरकुरले, पण उठले.

एक नंबरवर बसूनही वाळूचं घड्याळ फिरतच राहिलं. चार नंबरवरून काकांचा आवाज आला, "मला तर हितंबी तेवढंच पळतंय की! उगं उठवलंस."

तेवढ्यात जयमालाची अहवालाची फाइल सटकन जोडली गेली. तिनं शेजारी पाहिलं. दोन नंबरवरचा कॉलेजातला जेम्स हात हनुवटीला लावून बसला होता.

"आत्ता काय केलंस रे तू?"

"मी? काहीच नाही. पुढचे फोटो निवडत होतो. आता टाकले."

त्यानं टाकले आणि जयमालानं नुकत्याच जोडायला घेतलेल्या नकाशानं जागच्या जागी बसकण मारली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इथं तोंड नाही आणि टेलही नाही! पाणी घ्यायची सगळी दारं एकाच जागी उघडतात. कोण कुठं बसलंय याला काही अर्थ नाही, कोण किती ओढतंय याला आहे. काका घोट घोट पितात, त्यांचा त्रास नाही. पण ती आणि जेम्स दोघंही बादल्या लावून बसलेत.

"जेम्स, थांब ना थोडा."

"अर्ध्याच्या वर गेलंय. तोडलं की पहिल्यापासून. ताईच्या लग्नाचे फोटो आहेत. भावाला मस्कतहून सुट्टी नाही मिळाली, तो तिकडं वाट बघत बसलाय."

"तुझं किती गेलं गं?" तुषारनं विचारलं.

"आत्ताच लावलंय."

"दोघांनी असंच ओढलं तर दोघांचंही रखडेल. अन् मधेच लाइन तुटली तर बसा बोंबलत."

हिशेब सरळ होता. जेम्सचं आधी संपवावं, मग सगळी लाइन आपली. पण त्यासाठी आपलं दार आपल्या हातानं लावायचं होतं. पाण्याच्या पाळीच्या दिवशी टेलचा माणूस आपलं दार लावतो, असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिचे वडील तर फावडं घेऊन चारीवरच बसायचे. घड्याळाचा काटा पुढं सरकत होता. पुण्याचं ऑफिस काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं.

तिनं डोळे मिटले आणि रद्दचं बटण दाबलं.

"अगं ए!" काका ओरडले. "डोकं फिरलं का?"

"जेम्स, ओढ आता. पण हे झाल्यावर एकही फोटो लावलास तर वायर काढीन."

"नाही गं बाई."

जेम्सचे फोटो खरंच धावले. त्याचं होताच त्यानं दोन्ही हात वर केले, पोलिसानं पकडल्यासारखे. जयमालानं नकाशा पुन्हा जोडला. या वेळी वाळूचं घड्याळ थोडंच फिरलं आणि नकाशाचं नाव पडद्यावर येऊन बसलं. तिनं पाठवायचं बटण दाबलं. जेम्स खुर्ची सरकवून तिच्या पडद्याकडं बघत होता, तुषार मागं उभा होता.

मेसेज सेंट.

ऑफिस अजून उघडं होतं. जयमालानं अशी काही आरोळी ठोकली, की काकांचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि अर्धवट वाक्य अमेरिकेला गेलं.