ती खरंच ओरडत होती

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा आवाज मोठा होता, यात नवल नव्हतं. क्लबाच्या तलावावर छत उंच, भिंतींना गुळगुळीत फरशा आणि पाण्याची अखंड आपटाआपट. तिथे कुजबुजून कुणाला पोहायला शिकवता येत नाही. पण बाई तापट नव्हत्या. माहेरी, सासरी, क्लबात सगळीकडे त्यांची ओळख थंड डोक्याची बाई अशीच होती. पाण्याला घाबरणारी माणसं मुद्दाम त्यांच्याकडे पाठवली जात. त्यांना स्वतःलाही तसंच वाटायचं, की आपल्यात दुसरं काही नसेल, पण दम आहे.

त्यांच्याकडे विमा कंपनीतले एक गृहस्थ शिकायला यायचे. वय पन्नाशीकडे झुकलेलं, अंगाने भरलेले, आणि पाण्यात शिरले की लाकडासारखे ताठ. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, बिनधास्त ओरडा. मी जन्मभर साहेबांचं ओरडणं ऐकूनच कामं केलीत." एका सकाळी तलावाच्या मधोमध ते उताणे झाले आणि पाय हलवायचेच विसरले. बाई काठावरून ओरडल्या, "अहो, पाणी आहे ते, गादी नाही! लोळताय काय? पाय मारा!"

गृहस्थांना हसू फुटलं, नाकातोंडात पाणी गेलं. बाईंनी आत उडी मारली, त्यांच्या पाठीखाली तळहात धरला आणि हळूहळू बोलत त्यांना पलीकडच्या काठापर्यंत नेलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तलाव पार केला. बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोने हे सगळं फोनवर टिपलं होतं आणि कौतुकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून कुणीतरी फक्त ओरडण्याचा तुकडा कापून घेतला. पाठीखालचा हात कापला, हळू बोलणं कापलं, पलीकडचा काठ कापला. उरलं एक उघडं तोंड, उडालेली भुवई आणि "गादी नाही!"

आठवडाभरात तो तुकडा कुठल्या कुठे गेला. झोपाळू मांजरांवर तो आवाज, कचेरीत पेंगणाऱ्या कारकुनांवर तो आवाज, सोफ्यावर पसरलेल्या नवऱ्यांवर तो आवाज. लोकांनी बाईंचं बारसंच करून टाकलं: कडकबाई. बसमध्ये, औषधाच्या दुकानात, दाताच्या डॉक्टरकडे माणसं वळून बघायला लागली. सुरुवातीला बाईंनाही मजा वाटली, ते नाकारण्यात अर्थ नाही. भाचीने फोन करून सांगितलं, "मावशी, तू फेमस झालीस," तेव्हा त्या हसल्याच होत्या.

मग त्यांनी त्या तुकड्याखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं.

एकाने म्हटलं होतं, ही घरी नवऱ्याला दावणीला बांधत असेल. एकाने नुसतंच म्हैस. मांड्यांवर तर कितीजणांनी लिहिलं होतं. बाई कॉलेजात असल्यापासून पोहण्याच्या कपड्यात वावरत आल्या होत्या. आपल्याला पाय आहेत ते पाणी मारायला, याहून जास्त विचार त्यांनी पायांचा कधी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आरशात त्यांना स्वतः दिसल्याच नाहीत. व्हिडिओतली ती दिसली. तिचं तोंड, तिच्या मांड्या. बाईंनी कमरेला टॉवेल गुंडाळला. मग दोन दिवसांनी ट्रॅकपँट चढवली, वर जाकीट, पायात बूट. आणि त्या शिकवायला पाण्यात उतरायच्या बंद झाल्या. काठावरूनच शिकवायच्या. काठावरून शिकवायचं म्हणजे ओरडावं लागतं. त्या जास्त ओरडायला लागल्या. जास्त ओरडल्या की लोक जास्त खूश.

क्लबाच्या मॅनेजरने संधी बरोबर हेरली. दारावर बाईंचा भलामोठा फोटो लागला, त्याखाली ते वाक्य. रविवारची तुकडी दहाजणांवरून तिसाच्या पुढे गेली. "बाई, तुमचा राग हीच आपली जाहिरात," तो म्हणाला. "फक्त एक करा, रोज एकदा तरी ते वाक्य म्हणत जा. लोक त्यासाठी येतात."

"लोक पोहायला येतात," बाई म्हणाल्या.

"तेही येतं हळूहळू."

बाईंनी ते वाक्य म्हटलं. रोज म्हटलं. भुवई कुठे उडवायची, हात कमरेवर कधी ठेवायचा, हेही त्यांना नकळत जमायला लागलं. कुणी चुकलं नसलं तरी त्या चूक शोधायच्या. ओरडून झालं की काठावरून टाळ्या पडायच्या, आणि त्यांच्या लक्षात यायचं की आपल्याला त्या माणसाचा राग आलेलाच नव्हता. मग तोंडातून आला होता तो कसला आवाज? कुणाचा?

घरीही तेच झालं. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, माणूस शांत, भांडणाच्या वाटेला न जाणारा. एकदा जेवताना त्याचा फोन वाजला आणि फोनातून बाईच ओरडल्या, "पाणी आहे ते, गादी नाही!" बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"हे काय आहे?"

"अगं, गिऱ्हाइकं इतकी हसतात म्हणून सांगू."

"काढून टाक ते."

"अगं, गंमत आहे."

"मला गंमत वाटत नाही. लोक मला काय काय म्हणतात ते वाचलंस का तू? आणि तू तेच खिशात घालून हिंडतोस? काढ म्हटलं ना!"

नवऱ्याने चमचा खाली ठेवला आणि तो मनापासून, प्रेमाने हसला. "बघ, बघ, अगदी तश्शीच दिसतेस. ती भुवई!"

बाई ताटावरून उठल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती बाहेर काढायला त्यांच्याकडे तोंड उरलं नव्हतं, कारण तोंड उघडलं की ते तिचं दिसायचं. त्या गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढत राहिल्या, ओले होते तरी. नवऱ्याने थोड्या वेळाने येऊन फोनचा आवाज बदलल्याचं सांगितलं.

पुढच्याच रविवारी ते घडलं.

तुकडी तुडुंब होती. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला फोन उंचावून उभे आईबाप. बाई एका मोठ्या मुलाला त्याची चूक सांगत होत्या, म्हणजे आईबापांना हवं ते करत होत्या. बोलता बोलता त्यांची नजर खोल टोकाकडे गेली. पिवळी टोपी घातलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दोरीच्या पलीकडे गेली होती. ती हात मारत नव्हती, ओरडत नव्हती. बुडणारं माणूस ओरडत नाही, त्याला श्वासच नसतो. तिचं तोंड पाण्याच्या पातळीवर आलं, गेलं, पुन्हा आलं.

"बाजूला व्हा!" बाई ओरडल्या. "ती मुलगी बुडतेय! सरका!"

आणि लोक हसले.

एकजण पुढे सरकला तो चांगला कोन मिळावा म्हणून. मागून कुणीतरी वाक्य पुरं केलं, "गादी नाही!" आणि पुन्हा हशा झाला. बाईंच्या समोर फोनांची भिंत होती. त्यांनी पुन्हा आरोळी ठोकली, या वेळी शब्दही नव्हते तिच्यात, आणि एका बाईने टाळी वाजवली. मग त्यांनी दोघांना खांद्याने ढकललं आणि बूट, जाकीट, ट्रॅकपँट सगळ्यासकट पाण्यात उडी मारली.

पाणी भरलेले बूट त्यांना खाली ओढत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना तलावाचं ते टोक लांब वाटलं. मुलगी तळाशी चालली होती. त्यांनी तिला काखेत धरलं, पायाने तळ ढकलला आणि वर आणलं. काठावर पालथं घातल्यावर मुलगी खोकली, भडभडा पाणी ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकल्यावर कुठे हशा थांबला.

गर्दीतून एक माणूस धडपडत पुढे आला. "बाळा! अगं बाळा!" तो तिचा बाप होता. एका हाताने त्याने मुलीला जवळ घेतलं. दुसऱ्या हातात फोन तसाच होता, अजून चालू.

बाईंच्या अंगातून पाणी निथळत होतं. मुलीला कुणीतरी टॉवेलात गुंडाळलं, पाणी पाजलं, आणि तिचा श्वास नीट झाल्याची खात्री होईपर्यंत त्या तिच्याजवळून हलल्या नाहीत. मग त्या बापाकडे वळल्या.

"तुम्ही शूटिंग करत होतात. दाखवा."

"मॅडम, आता ते..."

"दाखवा."

त्याने दाखवलं. पडद्यावर बाई होत्या, मोठ्या मुलावर ओरडणाऱ्या. आणि कोपऱ्यात, अगदी कडेला, पिवळी टोपी. ती दिसत होती, नाहीशी होत होती, पुन्हा दिसत होती. मग बाईंचं "बुडतेय!" आलं, आणि त्यावर फोनाच्या अगदी जवळचं एक हसणं. ते त्या बापाचंच होतं. त्याने बोट पुढे केलं, थांबवायला.

"थांबवू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "शेवटपर्यंत बघा. तुमची मुलगी तुमच्या फोनमध्ये होती. तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

त्या माणसाने शेवटपर्यंत बघितलं. मग तो ओल्या फरशीवर बसला तो बसलाच.

संध्याकाळच्या आत मॅनेजरने बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "निभावलं बाई, देवाची कृपा. तुम्ही तर कमालच केलीत. कुणाकडे उडी मारतानाचा व्हिडिओ असेल तर आपण तो..."

"काठावर फोन बंद," बाई म्हणाल्या. "खोल टोकाला एक माणूस उंच खुर्चीवर, त्याला दुसरं काम नाही. आणि तुकडी परत दहाची. दारावरचा माझा फोटो आजच उतरवा."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"मी रागाच्या भरात बोलतेय. फरक कळत नाही ना आता कुणाला?"

मॅनेजर हसला नाही, पण त्याने मानही हलवली नाही. त्याने चार दिवस विश्रांती घ्या म्हटलं. चार दिवसांत दारावरचा फोटो तसाच राहिला आणि तलावावर दुसऱ्या शिक्षकाला तेच वाक्य पाठ करायला दिलं गेलं. बाईंना परत बोलावलंच नाही.

तोवर आणखी एक तुकडा फिरायला लागला होता. दुसऱ्याच कुणाचा. बाई ओरडतायत, "ती मुलगी बुडतेय!" आणि लगेच हशा. उडी नव्हती, मुलगी नव्हती. कडकबाईंचा नवा डायलॉग, एवढंच खाली लिहिलेलं. लोक आता दहीभात खाणाऱ्या जाड्या मुलांवर, चहात बुडणाऱ्या बिस्किटांवर तो आवाज लावत होते. बाईंनी मुलीच्या बापाला फोन केला. "तुमच्याकडे सगळं आहे, सुरुवातीपासून. मला पाठवा."

बाप म्हणाला, "मॅडम, मी ते पुसून टाकलं. बघवत नव्हतं हो."

"तुम्हाला बघवत नव्हतं," बाई म्हणाल्या, "म्हणून तुम्ही पुसलंत. आणि माझं काय?" त्यांनी फोन ठेवला. खरा राग त्याच्या कारणासकट ज्यात होता तेवढं एकच चित्रण नाहीसं झालं होतं. बाकी सगळं जगभर शाबूत होतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाई क्लबाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. साधे कपडे, हातात काही नाही. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला त्यांनी थांबवलं. "आत खोल टोकावर कुणी नाही. गेल्या रविवारी एक मुलगी बुडत होती. मी सांगत होते आणि लोक हसत होते." त्या ओरडत नव्हत्या. तरी फोन बाहेर आलेच. एकीने विचारलं, "मॅडम, एक सेल्फी?" एकजण म्हणाला, "हे प्रमोशन आहे का?" बाईंना वाटलं, त्या फोनसकट त्याला फरफटत आत न्यावं आणि ते खोल पाणी दाखवावं. त्या जागच्या हलल्या नाहीत. पुढच्या माणसाला त्यांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. नवराही दुकान बंद ठेवून आला होता. तो थोडा लांब उभा होता, काय करावं हे न सुचून.

मग तो बाप आला. मुलगी बरोबर नव्हती. तो बाईंकडे बघू शकत नव्हता, म्हणून लोकांकडे बघून बोलला.

"ती माझी मुलगी होती," तो म्हणाला. "या बाई खरंच ओरडत होत्या. मी हसत होतो. मी शूटिंग करत होतो."

त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी "काय म्हणाला?" म्हणून विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. आणि पुन्हा. काहींनी फोन खाली केले. काहींनी तेही टिपलं. बरेचजण मुलांचे हात धरून माघारी गेले. काही आत गेलेच, पैसे भरलेत म्हणत. पुढच्या आठवड्यात खोल टोकाला खुर्ची आली, तीवर माणूस आला. फोटो उतरला. बाईंना मात्र कुणी बोलावलं नाही. माफीचा शब्दही आला नाही.

बाई आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका वसतिगृहाच्या लहान तलावावर शिकवतात. तिथे त्या पाण्यात उतरतात. पहिल्या दिवशी टॉवेल सोडायला त्यांना फार वेळ लागला, आणि तो वेळ लोकांनी आपल्याकडून हिरावून घेतला याचा राग त्यांच्या मनातून गेलेला नाही. जावा असं त्यांना वाटतही नाही.

परवा बसथांब्यावर दोन मुली त्यांच्याकडे बघून खुसखुसत होत्या. एकीने धीर केला. "काकू, तुम्ही त्याच ना? एकदा म्हणा ना ते. प्लीज."

"नाही," बाई म्हणाल्या.

"अय्या, काकू रागावल्या!" मुलीने मैत्रिणीला कोपर मारलं.

"हो," बाई म्हणाल्या, "रागावलेय."

मुलीचं हसू तोंडावरच अर्धवट राहिलं. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हळूहळू तिने हातातला फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "सॉरी." बस आली. बाई चढल्या आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या.