हँग फायर म्हणजे थोडं थांबा

दगडखाणीवर परदेशी साहेब आला, तेव्हा त्याचं इंग्रजी कामगारांना समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. मुकादमानं आपल्या वहिनीचं नाव पुढे केलं. ती हाडाची शिक्षिका. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेला, नवरा जाऊनही बराच काळ लोटलेला. धाकट्या दिराच्या घरात तिला कशाची कमी नव्हती. पण दिवसभर जावेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करून ती कंटाळली होती. ती लगेच हो म्हणाली. खाणीवर सगळे तिला बाई म्हणू लागले.

साहेब सुरुंगाच्या कामातला जाणकार होता. कड्याला रांगेनं भोकं पाडायची, त्यांत बार भरायचे आणि एकामागोमाग एक असे उडवायचे की दगड हवा तसा सुटून येईल, हे शिकवायला त्याला आणलं होतं. माणूस भला, पण साधं सरळ बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मुकादम तणतणत बाईंकडे आला. हा माणूस येताजाता तुमच्याविषयी काय बोलतो, असं विचारू लागला. बाईंना काही उमगेना. शेवटी त्यानं ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "बाई अन् लाज, बाई अन् लाज. दर दोन वाक्यांनी हेच."

बाई पोट धरून हसल्या. साहेब 'बाय अँड लार्ज' म्हणत होता, म्हणजे एकंदरीत पाहता. मग त्यांनी दिराला समोर बसवून शिडाच्या जहाजांची हकिकत सांगितली. वारा तोंडावर असो की पाठीशी, दोन्ही वेळा जे जहाज नीट चालतं, त्याच्यासाठी खलाशांनी बनवलेले हे शब्द. मुकादमाला ते इतकं आवडलं की त्यानं जेवणाच्या सुटीत साऱ्या खाणीला ऐकवलं. पुढे एकदा साहेबाला सर्दी झाली. तो 'अंडर द वेदर' आहे, म्हणजे बरं वाटत नाही, असं म्हणाला आणि कामगारांच्या कानी 'अंडर द फादर' पडलं. साहेबाचे वडील आलेत, या समजुतीनं सगळे दिवसभर दबक्या आवाजात वावरले.

रोज असलं काहीतरी व्हायचं आणि त्या शब्दांमागची गोष्ट ऐकायला चहाच्या वेळी बाईंभोवती घोळका जमायचा. बाई खुलल्या. शाळेत कधी मिळाले नव्हते असे श्रोते त्यांना मिळाले होते. हळूहळू त्यांचा हात, म्हणजे जीभ, इतकी बसली की साहेबाचं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांच्या तोंडून त्याचा अर्थ बाहेर पडायचा. मुकादम कौतुकानं म्हणायचा, वहिनी साहेबाच्याही एक पाऊल पुढे असतात.

त्या दिवशी साहेबाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कड्याच्या नव्या भागात पाणी झिरपत होतं आणि तिसऱ्या रांगेतली भोकं ओली निघाली होती. त्यानं तारा पुन्हा पुन्हा तपासल्या. बार आज नको, उद्या उडवू, असं त्यानं बाईंकरवी मॅनेजरला सांगूनही पाहिलं. पण फाटकाशी ट्रक ओळीनं उभे होते आणि मॅनेजरचा पारा चढलेला. साहेब खांदे उडवून कड्याच्या माथ्यावर निघून गेला. खाली पत्र्याच्या ऑफिसात बाई वॉकीटॉकी घेऊन बसल्या. भोंगा झाला. माणसं आडोशाला गेली.

बार उडाले. जमीन हादरली, टेबलावरच्या कपबशा खुळखुळल्या, धुळीचा लोट उठला. रोजच्यासारखंच, फक्त शेवटाला एक ठोका चुकल्यासारखा वाटला. मग वॉकीटॉकी खरखरला आणि त्यातून साहेबाचा आवाज आला, "हँग फायर. हँग फायर..." पुढचं काही खरखरीत बुडालं, आणि यंत्र मुकं झालं.

शेजारी उभ्या असलेल्या मुकादमानं भुवया उंचावल्या. बाई म्हणाल्या, "थोडं थांबा म्हणतायत."

हँग फायर म्हणजे घाई न करणं, दमानं घेणं. वर्गात त्यांनी हे कितीदा सांगितलं होतं. मुकादमानं मान डोलावली. सगळे थांबले. धूळ खाली बसली, कडा दिसू लागला. साहेबाचा पुन्हा आवाज नाही. मॅनेजर येऊन म्हणाला, थोडं म्हणजे तरी किती? एवढे थांबलात ते काय कमी झालं? सारं ठीक असल्याचा भोंगा साहेबानं सांगितल्यावरच द्यायचा असा नियम होता. पण साहेबाचा वॉकीटॉकी बंद पडलाय हे दिसतच होतं. आपण फक्त बघून येऊ, असं म्हणत मुकादम निघाला. बरोबर लंबू निघाला. तो ड्रिल चालवायचा. त्यानंच ती भोकं पाडली होती. लांब ढांगा टाकत तो मुकादमाच्याही पुढे गेला.

बाईंनी चहा ओतून घेतला. दोघांच्या पाठमोऱ्या आकृत्या लहान होत चालल्या होत्या. सवयीनं त्यांचं मन त्या शब्दांशी खेळू लागलं. आज चहाला हेच सांगावं, हँग फायर कुठून आलं ते. जुन्या बंदुका. चाप ओढायचा, ठिणगी पडायची, दारू धुमसायची, पण गोळी सुटायची नाही. आग आतच अडकून राहायची. बार फुसका गेला असं समजून शिपाई बंदूक खाली करायचा, नळीत डोकवायचा, आणि नेमकी तेव्हाच...

त्यांच्या हातातला कप गळून पडला. साहेबानं वाक्प्रचार वापरलाच नव्हता. त्याच्या धंद्यात त्या शब्दांचा तोच जुना अर्थ अजून जिवंत होता. तिसऱ्या रांगेतला बार उडाला नव्हता. तो आत धुमसत होता.

त्या धावत भोंग्याकडे गेल्या आणि बटण दाबून धरलं. धोक्याचा भोंगा खाणभर घुमला. लांबवर मुकादम थबकला, वळला, आणि त्यानं पुढच्याला हाक मारली. लंबू कड्याच्या पायथ्याशी पोचला होता. त्यानंही वळून पाहिलं. कशाचा भोंगा, असं विचारल्यासारखे त्यानं दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात कडा फुटला.

धूळ विरली तेव्हा मुकादम गुडघ्यांवर होता, पण धड होता. लंबू दगडांत पडला होता आणि त्याचं ओरडणं ऑफिसापर्यंत ऐकू येत होतं. सगळे तिकडे धावणार, तोच वरच्या रस्त्यानं जीप भरधाव येऊन थांबली आणि साहेब उडी मारून उतरला. तो हात पसरून सगळ्यांना अडवू लागला, ओरडू लागला. मुकादम धापा टाकत परत आला होता. त्यानं बाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

बाईंनी साहेबाला वाक्य पुरं करू दिलं. मग ते त्याला पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाल्या, "आत अजून एक बार आहे. तोही उडालेला नाही. तो कधीही उडेल, किंवा उडणारही नाही. निदान तासभर कुणी आत जायचं नाही, असं साहेब म्हणतात."

"तासभरात तो रक्त जाऊन मरेल," मुकादम म्हणाला. "विचारा त्यांना."

त्यांनी विचारलं. साहेबानं खाली पाहिलं आणि हळू आवाजात उत्तर दिलं. बाईंना वाटलं, यातलं निम्मं वाक्य गिळलं तर? दीर जाणार नाही. किंवा धोका नाही असं उलटंच सांगितलं, तर लंबू वाचेल. जावेचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तरी त्यांनी जे होतं तेच सांगितलं, "त्यांना ते माहीत आहे. तरीही ते कुणाला जा म्हणणार नाहीत. गेलात तर तुमच्या जबाबदारीवर."

मुकादम दगड उचलायच्या लोडरवर चढला, पुढचं अजस्र पोलादी सूप त्यानं ढालीसारखं तोंडासमोर उचललं आणि आत गेला. इंजिनाची घरघर कड्यावर आदळून परत येत होती. साहेब ओठ हलवत काहीतरी मोजत होता, प्रार्थनाही असेल. कड्यासमोर लोडर आडवा झाला, बराच वेळ तसाच राहिला, आणि मग अगदी सावकाश मागे मागे येऊ लागला. केबिनमध्ये मुकादमाच्या मांडीवर लंबूचं डोकं होतं.

दुसरा बार उडालाच नाही. रात्रभर खाणीला पहारा बसवला. दुसऱ्या दिवशी साहेबानं शेजारी नवं भोक पाडून तो उडवून दिला.

मॅनेजरनं सगळं खापर वॉकीटॉकीवर फोडलं आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. साहेब तर उलट बाईंचे आभार मानत होता. भोंगा वेळेवर वाजला नसता तर दोघंही गेले असते, असं म्हणत होता. लंबूचा पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेनासा झाला. बाई त्याला भेटायला दवाखान्यात गेल्या, कॉटशेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "यंत्र बिघडलं होतं ते नंतर. त्याआधी मला स्वच्छ ऐकू आलं होतं. मी अर्थ चुकीचा सांगितला."

लंबूनं विचारलं, साहेब नेमकं काय म्हणाला होता? बाईंनी ते दोन शब्द उच्चारले. त्यानं ते पुटपुटून पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी दिरानं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. तो पूर्वीसारखाच वहिनी वहिनी करतो, ताट वाढून होईपर्यंत थांबतो. मात्र चहाच्या वेळी आता बाईंभोवती कुणी जमत नाही आणि त्याही कुठल्या शब्दाची गोष्ट सांगत नाहीत. साहेब तर तुटक, सरळ, पोरांशी बोलावं तसं बोलतो.

बार उडाले की माणसं आडोशातून बाहेर येतात आणि ऑफिसच्या दाराकडे बघत उभी राहतात. सारं ठीक असल्याचा भोंगा झाला, साहेबानं वरून हात हलवला, तरी जागची हलत नाहीत. बाई वॉकीटॉकीवर साहेबाला विचारतात, पुन्हा विचारतात, तेच आणखी वेगळ्या शब्दांत विचारतात. मग दारात येऊन म्हणतात, "जा." माणसं कड्याकडे चालू लागतात, आणि ती तिथं पोचून कामाला लागेपर्यंत बाई भोंग्यापाशी जाऊन बटणावर टेकवलेलं बोट काढत नाहीत.